दाढीआधीची बाटली आणि तांब्याभर गरम पाणी



तरुण वाचकांकडून आम्हाला एक प्रश्न वारंवार विचारला जातो. दाढीच्या आधी लावायचे तेल, जेल, मलम असे जे प्रकार हल्ली दुकानांत आणि मोबाईलवरच्या जाहिरातींत दिसतात, ते घ्यावेत काय? आणि घ्यायचे तर कोणते?

प्रश्न वरवर पाहता चैनीचा वाटेल. तसा तो नाही. सुरक्षारक्षकाची नोकरी असो, हॉटेलातले काम असो की पोलीस प्रशिक्षण, अनेक ठिकाणी गुळगुळीत दाढी रोज लागते. रोज पाते फिरले की कुणाच्या गालाची आग होते, कुणाच्या हनुवटीखाली पुरळ उठते. मग पोरगा घाबरतो आणि कुणीतरी सांगितलेले मलम आणून चोळू लागतो. तेव्हा हा प्रश्न रोजीरोटीचा आहे आणि कातडीचाही आहे.

घरी स्वतःच्या हाताने दाढी करणे आपल्या समाजाला नवे नाही. एके काळी तो नाइलाज होता. बाबासाहेबांनी आपल्या आठवणींत लिहून ठेवले आहे की, साताऱ्यात न्हावी होते, त्यांना द्यायला पैसेही होते, पण अस्पृश्याचे केस कापायला एकही तयार नव्हता. त्यांची थोरली बहीणच भावंडांचे केस कापीत असे. असा नकार देणे १९५५ च्या कायद्याने गुन्हा ठरले. आज आपण घरी दाढी करतो ती सोयीने आणि बचतीने. सोयीची गोष्ट आहे, तर ती नीट समजून करावी एवढेच आमचे म्हणणे.

आता मूळ मुद्दा. दाढीचा कोरडा केस फार चिवट असतो. तोच केस पाण्यात भिजला की पाणी शोषून फुगतो, मऊ होतो, आणि तो कापायला पुष्कळ कमी जोर लागतो. जोर कमी लागला की पाते कातडीला ओरबाडत नाही. मात्र केस भिजायला वेळ द्यावा लागतो. चेहऱ्यावर पाण्याचा एक हबका मारून भागत नाही. दोन-तीन मिनिटे तरी लागतात. कोमट-गरम पाण्याने हे काम लवकर होते. म्हणजे दाढीच्या आधीची खरी वस्तू पाणीच आहे. बाटलीतले जे काही असते ते त्याच्या मदतीला. जाहिरात हे सांगत नाही, कारण पाणी विकून तिला काही मिळायचे नाही.

म्हणून क्रम असा ठेवावा. आधी अंगाच्या साबणाने चेहरा धुवावा. घाम, धूळ आणि कातडीवरचा तेलकटपणा निघाला की पाणी केसापर्यंत पोहोचते. कपडे धुण्याची वडी मात्र चेहऱ्याला लावू नये. ती कातडी कोरडी करते. मग गरम पाण्यात पंचा भिजवून, पिळून, तो गालांवर व हनुवटीवर धरावा. पंचा थंड झाला की पुन्हा भिजवावा. आंघोळीनंतर लगेच दाढी केली तर एवढेही करावे लागत नाही. सकाळी नळाला रांग असते, हे आम्ही जाणतो. पण या कामाला तांब्याभर पाणी पुरते. बोअरच्या क्षाराच्या पाण्याला फेस धरत नाही. अशा ठिकाणी दाढीपुरते पिण्याचे पाणी घ्यावे. त्यानंतर ब्रशने फेस करून तो मिनिटभर चेहऱ्यावर राहू द्यावा. तोवर केस आणखी भिजतो.

एवढे करूनही कातडी ओढत असेल, आग होत असेल, तरच दुसरे काही लावण्याचा विचार करावा. ते कातडी पाहून निवडावे.

ज्यांची कातडी कोरडी आहे, थंडीत फुटते, किंवा वय झाले आहे, त्यांना तेल चांगले. तेलाने केस मऊ होत नाही. पाते आणि कातडी यांच्यामध्ये पातळ थर राहतो व पाते सरकते. तेव्हा तेल लावायचे ते चेहरा भिजल्यानंतर, आणि चार-पाच थेंबच. जास्त झाले तर फेस बसतो. आपले साधे खोबरेल चालते. थंडीत गोठले तर तळव्यावर चोळून घ्यावे. मोहरीचे तेल झोंबते, ते नको. दोन-तीन पात्यांच्या रेझरमध्ये तेल व केस अडकून बसतात, म्हणून तो पुनःपुन्हा धुवावा. साध्या दुधारी पात्याला हा त्रास कमी.

ज्यांचा चेहरा तेलकट आहे, मुरमे येतात, त्यांनी खोबरेल टाळावे. त्याने मुरमे वाढू शकतात. त्यांना ग्लिसरीन बरे. ग्लिसरीन पाणी धरून ठेवते. ते नुसते लावू नये. ओल्या तळव्यावर दोन-तीन थेंब घेऊन ओल्या चेहऱ्यावर फिरवावे.

तिसरा प्रकार पाण्यासारख्या पातळ, अल्कोहोल असलेल्या लोशनचा. हे लोशन मुळात विजेच्या मशीनने कोरडी दाढी करणाऱ्यांसाठी असते. ते घाम व तेलकटपणा सुकवते. ब्रश-फेसाने दाढी करणाऱ्याला नेमके उलटे हवे असते. 'दाढीआधी' एवढा एक शब्द वाचून ही बाटली उचलू नये.

तुरटीबद्दलही विचारले जाते. तुरटी दाढीनंतरची. ती कातडी आकसवते, बारीक कापले असेल तर रक्त थांबवते. आधी लावून उपयोग नाही. ज्याची त्याची तुरटी वेगळी असावी.

बाटली घ्यायचीच असेल तर मागचा कागद वाचावा. घटकांची यादी साधारणपणे जास्तीकडून कमीकडे असते. वरच्या दोन-तीन नावांत अल्कोहोल दिसले तर ती ठेवून द्यावी. ग्लिसरीन किंवा तेलाचे नाव वर असेल तर विचार करावा. मेंथॉलने गार वाटते, केस मऊ होत नाही. नवीन वस्तू आधी कानामागे दोन-तीन दिवस लावून पाहावी. खाज सुटली नाही तरच चेहऱ्याला.

आम्ही पडलो कारकून, हिशेब मांडल्याशिवाय आम्हाला चैन पडत नाही. समजा, ३० मिलीची तेलाची बाटली ३०० रुपयांना आहे. एका दाढीला पाव मिली धरले तर १२० दाढ्या, म्हणजे दाढीमागे अडीच रुपये. समजा, खोबरेल १०० मिलीला ६० रुपये पडते. त्यात ४०० दाढ्या, म्हणजे दाढीमागे १५ पैसे. घरात बाप आणि दोन मुलगे एक दिवसाआड दाढी करत असतील तर महिन्याच्या ४५ दाढ्या होतात. बाटलीचा खर्च ११२ रुपये ५० पैसे, खोबरेलाचा ६ रुपये ७५ पैसे. तुमच्या गावचा भाव घालून हाच हिशेब तुम्ही करा. वर्षाचा फरक काढलात तर त्यात मुलांच्या वह्या येतील.

आता सर्वांत महत्त्वाचे. काहींचा केस कुरळा असतो. तो अगदी मुळाशी कापला गेला की वाढताना वळून कातडीत घुसतो आणि तिथे फोड येतो. यावर कोणतीही बाटली पुरती पडत नाही. अशांनी केसाच्या दिशेनेच पाते फिरवावे, कातडी ताणू नये, एकाच जागी पुनःपुन्हा फिरवू नये, आणि जमेल तेव्हा काही दिवस दाढी वाढू द्यावी. फोड नखाने किंवा चिमट्याने उकरू नयेत. आणि औषधाच्या दुकानातून 'पुरळाचे मलम' असे तोंडी सांगून काहीही आणू नये. अशा अनेक मलमांत स्टेरॉइड असते. चार दिवस चेहरा स्वच्छ दिसतो, मग कातडी पातळ होते, लाल पडते, मलम सोडले की आग भडकते. २०१८ साली सरकारने अशी चौदा स्टेरॉइड मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत, असा नियम केला. तो आपल्या भल्यासाठी आहे. सरकारी रुग्णालयातील त्वचारोग विभागात जावे. नोकरीत रोजच्या दाढीची सक्ती असेल तर डॉक्टरांकडून तसे लेखी घेऊन साहेबांपुढे ठेवावे. त्यात लाज कसली?

एक सूचना घरातल्या मायमाउल्यांसाठी व बापांसाठीही. एका घरात एकच रेझर, एकच पाते, ही काटकसर खोटी आहे. कावीळ-बी चा विषाणू वाळलेल्या रक्तातही सात दिवसांपर्यंत टिकू शकतो. पाते ज्याचे त्याचे असावे. सलूनमध्ये गेलात तरी नवे पाते डोळ्यांदेखत लावायला सांगा. जुने पाते कचऱ्यात उघडे टाकू नका. झाकणाच्या डब्यात साठवा. तो कचरा उचलणारा हात बहुधा आपल्याच वस्तीतला असतो.

शेवटी, तरुण मित्रांनी एक प्रयोग करावा. आठ दिवस काहीही विकत न आणता साबण, गरम पंचा, तीन मिनिटे थांबणे आणि भरपूर फेस एवढेच करून पाहावे. नवव्या दिवशी चेहऱ्यावरून हात फिरवावा. तरीही बाटलीची गरज वाटली, तर जरूर घ्यावी. पण कातडी पाहून आणि कागद वाचून घ्यावी.

तूर्त इतकेच. जयभीम.