पाखरे मोजली, माणसे कोण मोजणार?

हिवाळा लागला की मराठवाड्यात पक्षिनिरीक्षणाच्या सहली निघू लागतात. मारुती चितमपल्ली यांच्या जन्मदिवसापासून सालिम अली यांच्या जन्मदिवसापर्यंतचा, ५ ते १२ नोव्हेंबरचा आठवडा २०२० पासून राज्यात पक्षी सप्ताह म्हणून पाळला जातो. प्राध्यापक, डॉक्टर, शाळकरी मुले गटागटाने पैठणच्या नाथसागरावर जातात आणि रोहित, चक्रवाक, हिमालय ओलांडून आलेले पट्टकदंब वहीत टिपून घेतात. आपले अनेक कार्यकर्ते याकडे तुच्छतेने पाहतात. ‘पोट भरलेल्यांचा छंद’ एवढे म्हणून ते विषय संपवितात. ही वृत्ती चुकीची आहे आणि चळवळीला ती महागात पडत आहे.

मुळात नाथसागर ही निसर्गाची देणगी नव्हे. १९७६ साली जायकवाडी धरण पुरे झाले, तेव्हा शंभरावर गावांची जमीन पाण्याखाली गेली. त्या उथळ पाण्यावर आणि गाळावर पाखरे उतरू लागली. १९८६ साली सुमारे ३४१ चौरस किलोमीटरचे अभयारण्य जाहीर झाले. म्हणजे पाखरांचे हे वैभव विस्थापित शेतकऱ्यांच्या त्यागावर उभे आहे. दुर्बिणीतून हंस दिसतो. बुडालेले गावठाण दिसत नाही. पाणी ओसरल्यावर गाळपेर करणारा शेतकरी आणि पहाटे जाळे टाकणारा मच्छीमार हे सहलीला देखाव्यातील अडथळे वाटतात. निसर्गप्रेमातील हा वर्गीय आंधळेपणा आपण स्पष्ट शब्दांत दाखवून दिलाच पाहिजे.

परंतु आंधळेपणा एकाच बाजूला नाही. याच जलाशयावर तरंगत्या सौरऊर्जा प्रकल्पाची योजना आली, तेव्हा अभयारण्याच्या रक्षणासाठी न्यायालयाचे दार कोणी ठोठावले? कहार समाजाच्या पंच समितीने. मासेमारीवर जगणाऱ्या माणसांनी. २०२४ साली हरित लवादाने त्यांची याचिका फेटाळली आणि २०२५ साली सर्वोच्च न्यायालयातही त्यांच्या पदरी निराशाच आली. त्या लढ्यात किती सहली त्यांच्या पाठीशी उभ्या राहिल्या? आणि आपण तरी किती उभे राहिलो? हा प्रश्न दोघांनीही स्वतःला विचारावा. सौरऊर्जेला आपला विरोध नाही. मात्र ज्यांचे पोट पाण्यावर आहे त्यांना विचारल्यावाचून पाणी वाटून टाकण्याला विरोध आहे.

कायदाही आपल्या बाजूचा नाही. २०१७ च्या पाणथळविषयक नियमांनी सिंचनासाठी आणि पिण्याच्या पाण्यासाठी माणसाने बांधलेले जलाशय व्याख्येतूनच वगळले. मराठवाड्यातील बहुतेक तळी आणि धरणे याच प्रकारची आहेत. येथे अभयारण्याची पाटी नसलेल्या जलाशयाला या नियमांचा आधार मिळत नाही. त्याचा कैवार घेणारे उरतात ते काठावरचे लोकच.

पाणवठा कोणाचा, हा प्रश्न समाजवाद्यांना नवा नाही. बाबा आढाव यांनी ‘एक गाव, एक पाणवठा’ म्हणत गावोगाव जातीच्या भिंतींना धडका दिल्या आणि त्यांनीच धरणग्रस्तांची संघटना बांधली. त्या वारशाचा आजचा अर्थ असा की पाणवठ्यावर माणसाचा आणि पाखराचा हक्क एकत्र मांडला पाहिजे. त्या दोघांत भांडण लावून ठेवणे सत्तेला सोयीचे असते.

आम्हा किनवटकरांना हे दूरचे वाटू नये. आपल्या उशाला पैनगंगा अभयारण्य आहे. तेथील गोंड, कोलाम आणि आंध बांधवांना पाखरांची नावे, घरटी आणि येण्याजाण्याचे दिवस पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहेत. खुद्द चितमपल्लींनी रानातील बरीचशी विद्या आदिवासी आणि पारधी यांच्याकडूनच घेतली. मग सहलीत मार्गदर्शक शहरचा आणि जाणकार आदिवासी मात्र पाण्याची बाटली वाहणारा, हे चित्र आपण का चालवून घ्यावे?

म्हणून या हिवाळ्यात कार्यकर्त्यांनी सहलींची टिंगल थांबवावी आणि त्यांत सामील व्हावे. शाळेच्या मुलांना तळ्यावर न्यावे. शिकविण्याचा मान कोळ्याला आणि कोलामाला द्यावा व त्याचा योग्य मोबदलाही द्यावा. पाखरांची मोजदाद होईल त्याच वहीत काठावरच्या कुटुंबांची, त्यांच्या जाळ्यांची, गाळपेर जमिनींची आणि २००६ च्या वनहक्क कायद्याखाली पडून राहिलेल्या दाव्यांची नोंद व्हावी. ती वही ग्रामसभेत वाचली जावी आणि तहसीलदारांच्या टेबलावर ठेवली जावी. पाखरे वसंतात परत जातील. काठावरच्या माणसांना जाण्यासाठी दुसरा देश नाही.