यादीत नाव कुणाचे?

मैत्रिणींनो, ‘खावटी’ हा शब्द तुमच्यापैकी कितीजणींच्या कानावरून गेला असेल कोण जाणे. आमच्या तलासरी-डहाणूकडे मात्र पाऊस लागला की पाड्यापाड्यांवर हाच शब्द. खावटी म्हणजे खाण्यापुरते धान्य. भाताची लावणी आटोपते, घरातली कणगी तळाला जाते आणि नवे भात हाताशी यायला दिवाळी उजाडावी लागते. मधले आषाढ, श्रावण, भाद्रपद कसे काढायचे? आपण श्रावणात उपासाच्या पदार्थांच्या याद्या करतो ना, तेव्हा इथल्या कितीतरी घरांत खरेच उपास असतात.

पूर्वी हे दिवस काढायला जमीनदाराकडून किंवा सावकाराकडून भात उचलायचे आणि कापणीला ते वाढवून फेडायचे. फिटले नाही की माणूस वेठीला. तलासरीजवळच्या झरी गावी २३ मे १९४५ रोजी हजारो वारली जमले आणि यापुढे वेठ करणार नाही असे त्यांनी ठरवले, त्याच्यामागे या उसनवारीचाही वाटा होता. गोदावरी परुळेकरांच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात हे सगळे आले आहे. वाचले नसेल तर वाचनालयातून जरूर आणा.

सरकारने १९७८ पासून खावटी कर्ज द्यायला सुरुवात केली. ती योजना पुढे बंद पडली. मग २०२० साली टाळेबंदीत हातांना काम उरले नाही, तेव्हा एका वर्षापुरते खावटी अनुदान मंजूर झाले. कुटुंबाला ४,००० रुपये. त्यातले २,००० बँकेच्या खात्यात आणि २,००० चे वाणसामान. मटकी, चवळी, हरभरा, तूरडाळ, साखर, शेंगदाण्याचे तेल, तिखट, मीठ, चहा, असे. यादी करणाऱ्याला स्वयंपाकघराची माहिती असावी, असे मला ती वाचताना वाटले. वेळेच्या बाबतीत मात्र तसे म्हणवत नाही. निर्णय ऑगस्ट २०२० चा आणि सामानाच्या पिशव्या बऱ्याच घरी पोचल्या त्या २०२१ च्या पावसाळ्यात. भूक काही वर्षभर थांबत नाही.

पण मला आज सांगायचे आहे ते पिशवीबद्दल नाही, यादीबद्दल. राज्यभरात ११ लाख ५५ हजार कुटुंबे धरली होती. त्यातली रोजगार हमीच्या कामावरची ४ लाख; त्यांची नावे संगणकात होतीच. वनहक्काचे पट्टे मिळालेल्यांची यादीही तयार होती. आमच्याकडच्या कातकऱ्यांसारख्या आदिम जमातींची सगळीच कुटुंबे आपोआप बसत होती. उरला तो ‘गरजू’ नावाचा ३ लाखांचा गट. त्यात विधवा, परित्यक्ता, घटस्फोटिता, भूमिहीन, अपंग माणूस असलेले घर, अनाथ मूल सांभाळणारे घर. ही माणसे कुठल्याच तयार यादीत नसतात. त्यांना दारोदार जाऊन शोधावे लागते आणि मग कागदावर सिद्ध करावे लागते.

एका ओळखीच्या शिक्षिकेबरोबर मी तेव्हा दोन पाड्यांवर अर्ज भरायला गेले होते. विधवेचे सोपे, नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला असला की झाले. परित्यक्तेचे काय करायचे? टाकून गेल्याचा दाखला कोण देतो? त्यातून वारल्यांमध्ये कितीतरी जोडपी आधी संसार मांडतात आणि पैसा जमला की मग धवलेरीला बोलावून लग्न लावतात. मुलेबाळे झाल्यावरसुद्धा. ज्या लग्नाचाच कागद नाही ते मोडल्याचा कागद कुठून यायचा? एका बाईने मला सरळ विचारले, “बाई, तो गेला हे सगळ्या पाड्याला ठाऊक हाय, मंग कागदालाच कसं ठाऊक नाय?” मला उत्तर सुचले नाही. ग्रामपंचायतीचा दाखला जोडून आम्ही अर्ज दिला.

दुसरी मावशी भेटली ती वेगळ्याच कारणाने राहिलेली. दिवाळीनंतर सगळे घर वीटभट्टीवर, परत यायचे ते पावसाच्या तोंडावर. ती म्हणाली, “आमी भट्टीवर होतो तवाच कागद झाला.” याद्या नेमक्या अशा महिन्यांत होतात की ज्याच्या घरी खायला आहे तोच गावात असतो. ज्याच्या घरी नाही, तो पोटामागे बाहेर गेलेला. माझ्या मते यादी करायची तर ती जूनमध्ये करावी, घराला कुलूप नसताना.

खावटीचे ते एक वर्ष झाले. रेशन मात्र कायमचे आहे, म्हणून त्याचा हिशेब नीट समजून घ्या. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने दोन प्रकार आहेत. अंत्योदय कार्डाला महिन्याला ३५ किलो, घरात माणसे कितीही असोत. प्राधान्य कुटुंबाला माणशी ५ किलो. जानेवारी २०२३ पासून दोन्हींचे धान्य फुकट आहे. आता गणित करा. एकट्या म्हातारीला प्राधान्यात ५ किलो मिळतात, अंत्योदयात ३५. आठ माणसांच्या घराला प्राधान्यात उलट ४० किलो मिळतात! म्हणजे अंत्योदयाची खरी निकड कुणाला, तर एकट्यादुकट्या बाईला. आणि नियमही तिच्याच बाजूचा आहे. एकट्या विधवा, आधार नसलेले वृद्ध, अपंग, भूमिहीन मजूर, आदिम जमाती हेच अंत्योदयाचे हक्कदार. पण राज्याला सुमारे ७ कोटी माणसांचा इष्टांक ठरवून दिलेला आहे, तोही २०११ च्या जनगणनेवर, आणि अंत्योदयाचा इष्टांक त्यातच वेगळा. तो भरलेला असला की कचेरीत “इष्टांक संपला” एवढेच ऐकू येते. तरीही अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी. एखादे नाव कमी झाले की जागा होते, आणि जिचा अर्जच नाही तिला ती जागा मिळत नाही.

आणखी एक, जे पुष्कळ शिकलेल्या बायकांनाही माहीत नसते. याच कायद्याच्या १३ व्या कलमाप्रमाणे रेशनकार्डावर कुटुंबप्रमुख म्हणून घरातल्या १८ वर्षांवरच्या सर्वांत मोठ्या बाईचे नाव लागते. पुरुषाचे नाही, बरे का. आमच्या ‘ह्यांना’ हे सांगितले तेव्हा ते म्हणाले, “म्हणजे आता रांगेतही तूच उभी राहा.” असो.

नव्या सुनांची नावे सर्वांत जास्त गळतात. माहेरच्या कार्डातून नाव कमी केल्याचा दाखला आणल्याशिवाय सासरच्या कार्डात ते चढत नाही. माहेरचे लोक पाच किलो धान्य कमी होईल म्हणून नाव काढायला चालढकल करतात, किंवा नाव काढतात आणि सासरचे चढवायला विसरतात. मग ती पोर कुठेच नाही. तिचे बाळही नाही. बाळालाही ५ किलो मिळतात, हे लक्षात ठेवा. जन्माचा दाखला आला की नाव लगेच घालायचे.

बाहेरगावी कामाला जाणाऱ्यांसाठी एक सोय झाली आहे. तलासरीची माणसे कामासाठी उंबरगाव-वापीला जातात, म्हणजे परराज्यात. ९ ऑगस्ट २०१९ पासून महाराष्ट्र आणि गुजरात यांनी एकमेकांची कार्डे मानायला सुरुवात केली आणि आता ती देशभर चालतात. तिकडच्या दुकानात अंगठा लावून आपल्या वाट्याचे धान्य उचलता येते, घरी राहिलेल्या आजी-आजोबांना उरलेले इथे मिळते. अट इतकीच की कार्ड अन्नसुरक्षेतले हवे आणि आधार जोडलेला हवा. विटा थापून अंगठ्याच्या रेषा झिजतात, यंत्र ओळखत नाही, हा त्रास खराच. अशा वेळी दुकानदाराला एवढ्यावरच परत पाठवता येत नाही. घरातल्या दुसऱ्या सभासदाचा अंगठा चालतो, हे बाईला सांगून ठेवा.

तुमच्या घरी धुण्याभांड्याला येणारी, भाजीचा भारा घेऊन दारात बसणारी, तिला एकदा चहा देऊन तिचे कार्ड बघायला मागा. मी बघते. कार्डावर किती नावे आहेत, घरात किती माणसे आहेत, दोन्ही मोजा. त्यातच निम्मे कळते. मग आधार, बँकेचे पासबुक, जातीचा दाखला आणि कार्ड यांच्या दोन-दोन झेरॉक्स काढून प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून द्या. पावसाळ्यात पाड्यावरच्या कुडाच्या घरात कागद टिकत नाहीत. अर्ज तहसील कचेरीच्या पुरवठा शाखेत जातो. तिथे दाद लागली नाही तर १९६७ हा तक्रारीचा फोन फुकट आहे, आणि जिल्ह्याला तक्रार निवारण अधिकारीही असतो. जातीचा दाखला नसेल आणि बाईने शाळाच पाहिली नसेल, तर वडिलांचा किंवा सख्ख्या भावाचा शाळा सोडल्याचा दाखला चालतो. तो शोधायला वेळ लागतो, म्हणून हे काम होळीला माणसे घरी येतात तेव्हाच काढावे.