सी-पॅप घेताय? यंत्राआधी विक्रेता पारखा

फेब्रुवारी २०२२ मध्ये संगीतकार बप्पी लाहिरी यांचे मुंबईत निधन झाले, तेव्हा त्यांच्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी कारण सांगताना ‘ऑब्स्ट्रक्टिव्ह स्लीप अ‍ॅप्निया’चे नाव घेतले. तोपर्यंत घोरणे हा आपल्याकडे थट्टेचा विषय होता. त्यानंतर मात्र बाह्यरुग्ण विभागात बायका नवऱ्याच्या घोरण्याचे मोबाइलवरचे रेकॉर्डिंग घेऊन येऊ लागल्या. निदान वाढले आणि त्यापाठोपाठ एक नवा प्रश्नही आला, ‘डॉक्टर, ते मशीन कुठून घेऊ?’

या विकारात झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात, श्वासाची वाट बंद होते, रक्तातला प्राणवायू घटतो आणि मेंदू माणसाला दचकवून जागे करतो. असे तासाला किती वेळा होते, यावर तीव्रता ठरते. पाच ते पंधरा वेळा म्हणजे सौम्य, पंधरा ते तीस म्हणजे मध्यम आणि त्यापुढे तीव्र. डॉ. झरीर उदवाडिया व सहकाऱ्यांनी मुंबईतल्या ३५ ते ६५ वयाच्या पुरुषांचा अभ्यास करून २००४ मध्ये दाखवले होते, की जवळपास १९.५ टक्के पुरुषांचा श्वास झोपेत अडखळतो आणि ७.५ टक्क्यांना त्याबरोबर दिवसाही झोप अनावर होते. दिल्लीच्या ‘एम्स’मधील संशोधकांनी २०२३ मध्ये देशभरातील अभ्यास एकत्र करून काढलेला अंदाज १०.४ कोटी रुग्णांचा आहे. त्यातले ४.७ कोटी मध्यम किंवा तीव्र गटातले. यंत्राची गरज प्रामुख्याने याच गटाला लागते.

तळोज्यापुरता विचार केला तर हा आकडा नुसता आकडा राहत नाही. एका बाजूला औद्योगिक वसाहत, तिथल्या रात्रपाळ्या, कळंबोलीकडे जाणारे ट्रक-टँकर. दुसऱ्या बाजूला सिडकोच्या इमारती आणि तिथून रोज दोन-दोन तास प्रवास करणारे नोकरदार. स्टिअरिंगवर डुलकी लागणाऱ्या चालकाचा आजार त्याच्या एकट्याचा नसतो. नोव्हेंबर २०२३ मध्ये बेलापूर-पेंधर मेट्रो सुरू झाल्याने खारघर, बेलापूर जवळ आले हे खरे; पण यंत्रविक्रेता निवडताना प्रवासाच्या अंतरापेक्षा वेगळ्या गोष्टी मोजाव्या लागतात.

खरेदी नव्हे, उपचार

सी-पॅप हे यंत्र नाकावाटे सतत दाबाने हवा देऊन घशाची वाट उघडी ठेवते. सिडनीच्या कॉलिन सुलिव्हान यांनी १९८१ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये हा उपचार प्रथम मांडला. तत्त्व आजही तेच आहे. पण हे यंत्र फ्रिजसारखे घरी आणून भिंतीला लावले की झाले, असे नसते. दाब किती लागेल हे रुग्णागणिक बदलते, मास्क चेहऱ्यागणिक बदलतो आणि पहिल्या महिन्यात दोन्हींमध्ये फेरफार करावे लागतात. मास्कमधून हवा सुटते, डोळे कोरडे पडतात, तोंड सुकते, नाकाच्या कडेला वळ उठतात. ही सगळी कारणे सुटण्यासारखी असतात. पण ती सोडवणारे कोणी नसले, की यंत्र पंधरा दिवसांत कपाटात जाते. तीस-चाळीस हजार रुपये गेल्याचे दुःख असतेच, पण ‘मशीन घेऊन पाहिले, उपयोग झाला नाही’ अशी रुग्णाची खात्री होते, हे नुकसान त्याहून मोठे. मग तो पुन्हा उपचाराकडे वळत नाही.

म्हणून मी रुग्णांना सांगतो, यंत्र एकदा घेता, विक्रेता मात्र वर्षानुवर्षे लागतो.

चार दारे

नव्या रुग्णापुढे साधारण चार पर्याय असतात. पहिला, झोपेची तपासणी जिथे झाली तिथूनच यंत्र घेणे. सोय मोठी, कारण अहवाल, दाब आणि मास्क एकाच ठिकाणी ठरतात. मात्र ‘तपासणी मोफत, यंत्र आमच्याकडूनच’ अशी अट असेल तर थांबा. तपासणी करणाऱ्याचा नफा यंत्राच्या विक्रीवर अवलंबून असेल, तर अहवालाकडे दुसऱ्या डॉक्टरने पाहिलेले बरे. वैद्यकीय उपकरणांच्या विपणनासाठी केंद्राने सप्टेंबर २०२४ मध्ये आचारसंहिता आणली आणि डॉक्टरांना भेटवस्तू देण्यास मनाई केली. अहवालाची प्रत मागणे आणि यंत्र दुसरीकडून घेणे हा तुमचा हक्क आहे. त्यात डॉक्टरांचा अपमान नाही.

दुसरा, पनवेल, खारघर किंवा वाशीतील वैद्यकीय उपकरणांचे दुकान. त्यांचा माणूस घरी येतो, मास्क लावून दाखवतो. इथे एकच कसोटी लावा: विक्रीनंतर तो पुन्हा येणार का, आणि तळोज्यापर्यंत येणार का?

तिसरा, ऑनलाइन. किंमत बहुधा कमी असते. ज्याला आपला दाब आणि मास्कचे माप माहीत आहे, अशा जुन्या रुग्णाने नळी, फिल्टर, मास्कची उशी तिथून मागवायला हरकत नाही. पहिले यंत्र मात्र नव्या रुग्णाने अशा रीतीने घेऊ नये, असे माझे मत आहे. मास्क फोटोवरून बसत नाही.

चौथा, वापरलेले यंत्र. कुणाचे वडील गेले, कुणी शस्त्रक्रिया करून घेतली, मग यंत्र निम्म्या किमतीत निघते. मोह समजण्यासारखा आहे. पण इथे २०२१ ची एक घटना लक्षात ठेवावी लागते.

परत मागवलेली यंत्रे

जून २०२१ मध्ये फिलिप्स कंपनीने जगभरातील पन्नास लाखांहून अधिक सी-पॅप, बाय-पॅप यंत्रे व व्हेंटिलेटर परत मागवण्याची घोषणा केली. आवाज कमी करण्यासाठी यंत्रात बसवलेला पॉलियुरेथेनचा फोम झिजून त्याचे कण आणि वायू रुग्णाच्या श्वासात जाण्याची शक्यता होती. नंतरच्या चाचण्यांत मोठा धोका दिसला नाही, असे कंपनीचे म्हणणे. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने मात्र या चाचण्या अपुऱ्या ठरवल्या. २०२४ मध्ये कंपनीला तिथे नव्या यंत्रांची विक्री थांबवावी लागली. उष्ण, दमट हवा आणि ओझोनने केलेली सफाई यांमुळे फोम लवकर खराब होऊ शकतो, असेही त्या वेळी सांगितले गेले. कोकणपट्टीच्या हवेत हा मुद्दा विसरून चालणार नाही.

तेव्हा वापरलेले यंत्र घेणारच असाल, तर त्याचा अनुक्रमांक आणि निर्मितीची तारीख आधी पाहा. २६ एप्रिल २०२१ पूर्वी बनलेली त्या कंपनीची यंत्रे परत मागवलेल्या यादीत असू शकतात. कंपनीकडे अनुक्रमांक कळवून खात्री करा. यंत्र किती तास चालले आहे, हेही त्याच्या पडद्यावर दिसते. मास्क, नळी आणि फिल्टर तर नवेच घ्यायचे, यात तडजोड नाही. आणि पूर्वीच्या मालकाचा दाब तुमच्यासाठी तसाच ठेवायचा नाही.

कायदा काय म्हणतो?

वैद्यकीय उपकरण नियम २०१७ चे. १ एप्रिल २०२० पासून सर्वच वैद्यकीय उपकरणे कायद्याने ‘औषध’ ठरली आणि १ ऑक्टोबर २०२३ पर्यंत सर्व वर्गांतील उपकरणांचे उत्पादन व आयात परवान्याच्या कक्षेत आली. विक्रेत्याकडेही अन्न व औषध प्रशासनाचे एमडी-४२ हे नोंदणी प्रमाणपत्र किंवा औषधविक्रीचा परवाना हवा. ते दाखवा म्हणायला संकोच करू नका. खोक्यावर आयातदाराचे नाव, परवाना क्रमांक आणि अनुक्रमांक असतो. तोच अनुक्रमांक बिलावर लिहून घ्या. ‘बिलाशिवाय घेतले तर कमी’ असे सांगणाऱ्याकडे वॉरंटी नसते, एवढे समजून असा. फसवणूक झाली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे.

पैसे देण्याआधी

विक्रेत्याला पाच गोष्टी विचारा. आठवडा-दोन आठवडे भाड्याने वापरून पाहता येईल का, आणि यंत्र घेतल्यास ते भाडे किमतीत वळते होईल का? मास्क बसला नाही तर बदलून मिळेल का? यंत्र बिघडले तर दुरुस्तीच्या काळात दुसरे मिळेल का? वापराची नोंद डॉक्टरांना दाखवता येईल का? मास्कची उशी आणि फिल्टर दोन वर्षांनी कुठे मिळतील? उत्तरे तोंडी नकोत, बिलावर किंवा संदेशात हवीत.

पेसमेकर किंवा शरीरात धातूची वैद्यकीय उपकरणे असतील, तर चुंबकाच्या पट्ट्यांचा मास्क टाळा. तळोज्यातील रहिवासी रात्री येणाऱ्या रासायनिक वासाची तक्रार वर्षानुवर्षे करत आहेत. त्यांच्यासाठी एक खुलासा: यंत्राचा फिल्टर धूळ अडवतो, वायू आणि वास नाही. यंत्र खिडकीजवळ ठेवू नका, फिल्टर लवकर बदला आणि नाक सतत चोंदत असेल तर आधी त्याचा उपचार करा.

ज्याच्याकडे पैसे नाहीत, त्याचे काय?

राज्य कामगार विम्याचे कार्ड असलेल्या कामगाराने खिशातून पैसे घालण्याआधी आपल्या दवाखान्यात रीतसर शिफारस मागावी. केंद्रीय कर्मचारी आणि निवृत्तांसाठी सीजीएचएसमध्ये पूर्वमंजुरीची तरतूद आहे. अडचण आहे ती कंत्राटी कामगाराची आणि ट्रकचालकाची. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना मुख्यतः रुग्णालयात दाखल होऊन घेतलेल्या उपचारांसाठी आहे. रात्री घरी वापरायचे यंत्र त्या चौकटीत बसत नाही. हृदयविकार झाल्यावर लाखाचा खर्च सरकार करते, पण रक्तदाब आणि हृदयावरचा ताण वाढवणाऱ्या या विकाराच्या यंत्राला पैसे नाहीत, हे गणित उलटे आहे.

उपाय फार खर्चिक नाही. प्रत्येक जिल्हा आणि उपजिल्हा रुग्णालयात दहा-वीस यंत्रे उसनी देण्यासाठी ठेवावीत. रुग्णाने महिनाभर वापरावे आणि नोंदी दाखवाव्यात. जो नियमित वापरतो त्याला यंत्र अनुदानाने द्यावे, बाकीची पुढच्या रुग्णाकडे जावीत. सरकारचा पैसाही कपाटात पडून राहणार नाही.

तोवर रुग्णाने घाईत यंत्र घेऊ नये आणि उपचार लांबणीवरही टाकू नये. वजन कमी करणे, कुशीवर झोपणे, रात्रीची दारू बंद करणे आज रात्रीपासून सुरू करता येते. आणि दिवसा डोळा लागत असेल, तर उपचार बसेपर्यंत गाडीची किल्ली दुसऱ्याच्या हाती द्या.