लुनाचं इंजिन, चेनसॉचं सील

१९७२ साली कायनेटिकची ५० सीसीची लुना बाजारात आली आणि दौंड रस्त्यावरच्या कारखान्यामुळे नगरचं नाव टू-स्ट्रोक इंजिनाशी जोडलं गेलं. श्रीगोंद्यातल्या लिंबाच्या बागेत वाळलेलं झाड कापणाऱ्या चेनसॉचं काळीजही तेच. या इंजिनात क्रँककेसच पंपाचं काम करते. म्हणून क्रँकच्या दोन्ही टोकांची, मॅग्नेटकडची आणि क्लचकडची, रबरी ऑइल सील कडक झाली की बाहेरची हवा आत शिरते, पेट्रोल कमी पडतं, इंजिन आपोआप रेस घेतं. पेट्रोलात मिसळलेलं ऑइलही मग अपुरं, आणि पिस्टन जाम! अशा वेळी कार्बोरेटरचे स्क्रू पिळत बसणं म्हणजे आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. जुनं सील उचकटताना क्रँकवर ओरखडा पडला, तर नवंही हवा धरत नाही.