रिमूव्ह 'टू'!

दहावी-बारावीच्या इंग्रजीत वर्षानुवर्षं घोटला जाणारा एक प्रश्न आहे: रिमूव्ह 'टू'. (दोन 'ओ'वाला. देवनागरीत तिन्ही टू सारखेच, काय करणार!) "द टी इज टू हॉट टू ड्रिंक." यातला टू उपटायचा, तिथे 'सो' लावायचा, पुढे 'दॅट' आणि 'कॅनॉट' चिकटवायचे. झाला मार्क खिशात. आमच्या जामनेरात काय किंवा पुण्यात काय, क्लासमध्ये हाच मंत्र.

माझा आक्षेप असा की या मंत्रात इंग्रजी कुठेच नाही. हे निव्वळ फाइंड अँड रिप्लेस आहे. चार ओळींची स्क्रिप्टसुद्धा हा मार्क आणेल, आणि तिला चहा म्हणजे काय हेही माहीत नसेल. बरं, मंत्र बिनचूक तरी आहे का? "आय ॲम ओन्ली टू ग्लॅड टू हेल्प यू", म्हणजे मदत करायला आनंदच आहे. आता मंत्र लावा: मला इतका आनंद झालाय की मी मदत करू शकत नाही! पाठवा क्लायंटला.

खरं तर गोष्ट सोपी आहे. 'व्हेरी' म्हणजे खूप. 'टू' म्हणजे इतकं की काहीतरी अडतं. आमची पाचोरा-जामनेर पीजे २०२० मध्ये थांबली. ती व्हेरी स्लो होती, तरी लोक बसायचेच. पण पाचोऱ्याला पुढची गाडी गाठायची असली की तीच पीजे टू स्लो. वेग तोच, फरक तुमच्या कामात. ऑफिसातही तेच. सर्व्हरवर लोड व्हेरी हाय असेल तर लक्ष ठेवा, टू हाय असेल तर धावा.

यावर ठरलेलं उत्तर येतं: "अरे, खेड्यातली पोरं. घरात तावडी नाहीतर अहिराणी, शाळेत पुस्तकी मराठी, त्यावर इंग्रजी. निदान पास तर होऊ दे!" मंडळी, हे उत्तर मला सगळ्यात जास्त खटकतं. मराठी शाळांत २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे. दहा वर्षं शिकवून अपेक्षा काय, तर मंत्र पाठ? आणि या पोरांना फरक कळत नाही असं कोण म्हणतं? मराठीत तर त्यासाठी क्रियापदाचं वेगळं रूपच आहे: पिववत नाही, खाववत नाही, चालवत नाही. चहा इतका गरम की पिववत नाही. हाच तो टू! पोरगं तो घरूनच घेऊन येतं, आपण फक्त ओळख करून द्यायची. अर्थ कळला की 'सो-दॅट' आपोआप जमतं. उलटं मात्र होत नाही.

म्हणून पेपर काढणाऱ्यांना एक प्रश्न सुचवतो. एक शेवभाजी 'व्हेरी स्पायसी' होती, दुसरी 'टू स्पायसी टू ईट'. ताटात कुठली उरली, आणि का?

मार्क एकच ठेवा. पण तो स्क्रिप्टला मिळणार नाही.