‘नाही’ म्हणण्याची मोकळीक

सांगलीत 2025च्या जूनमध्ये एका विवाहितेने आत्महत्या केली. धर्म बदलावा म्हणून सासरच्यांनी छळले, असा आरोप झाला आणि गुन्हाही दाखल झाला. खरेखोटे न्यायालय ठरवील. पण न्यायालयाची वाट न पाहता जतचे आमदार गोपीचंद पडळकर यांनी धर्मांतर घडवणाऱ्या पाद्र्यांना मारहाण करणाऱ्यांसाठी जाहीरपणे लाखा-लाखांची बक्षिसे पुकारली. त्याविरुद्ध राज्यभर ख्रिस्ती समाज रस्त्यावर उतरला. या गदारोळात मूळ प्रश्न मात्र बाजूला पडला. आपला धर्म दुसऱ्याला सांगावा का, आणि सांगायचा तर कुठवर?

सांगावा, अवश्य सांगावा. राज्यघटनेच्या 25व्या कलमाने धर्मप्रसाराचा हक्क दिला आहे. दुसऱ्याचे धर्मांतर घडवून आणण्याचा हक्क त्यात येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 1977 साली स्पष्ट केले. या दोन टोकांमध्ये मोठे मैदान आहे आणि तिथे कायद्यापेक्षा सभ्यतेचे काम अधिक. आमच्या मते कसोटी एकच: ऐकणाऱ्याला ‘नाही’ म्हणता येते का, आणि ‘नाही’ म्हटल्यावर त्याचे औषध, अन्न, छप्पर, माणसे शाबूत राहतात का?

ही कसोटी शेजारच्या साताऱ्याला नवी नाही. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी 1895 साली बाप्तिस्मा घेतला, तेव्हा घरादाराशी ताटातूट झाली. पत्नी लक्ष्मीबाई काही वर्षांनी नवऱ्याकडे परतल्या, त्या आपले सोवळेओवळे घेऊनच. एका छपराखाली नवरा ख्रिस्ती आणि बायको कर्मठ, असा तो संसार चालला. लक्ष्मीबाईंनी बाप्तिस्मा घेतला तो 1900 साली, स्वतःच्या मनाने. घरातला धर्मभेद कसा सांभाळावा, हे ज्याला समजून घ्यायचे असेल त्याने त्यांचे आत्मचरित्र ‘स्मृतिचित्रे’ काढून बसावे. पुढे 1917 मध्ये टिळकांनी अमेरिकन मराठी मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही त्यात जागा होती. तुकोबांच्या वाटेने आपण ख्रिस्तापर्यंत आलो, असे ते सांगत आणि अभंग-कीर्तनांतून त्याची थोरवी गात. दोन वर्षांतच ते गेले, दरबारही फार टिकला नाही. तरी आकडे न मोजणाऱ्या प्रचाराचा इतका स्वच्छ नमुना महाराष्ट्रात दुसरा सापडणे अवघड.

मिरजेचा इतिहास अधिक गुंतागुंतीचा आहे. डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी 1894 साली तिथे रुग्णालय उभारले आणि पुढे मिरज वैद्यकीय पंढरी झाली. त्या माणसाचे ऋण दक्षिण महाराष्ट्राने कधीच विसरू नये. पण मिशनच्या दवाखान्यांत उपचार आणि उपदेश जोडीने चालत, हेही खरे. बरे होऊन घरी गेलेली बहुसंख्य माणसे आपापल्या धर्मातच राहिली, म्हणून तो प्रश्न मिटत नाही. पोटाला टाके घातलेला शेतकरी खाटेवर पडला आहे, उशाशी उभा असलेला माणूस देवाबद्दल बोलतो आहे, आणि उद्या पट्टी बदलायला त्याचेच लोक येणार आहेत. ‘मला हे ऐकायचे नाही’ असे तो कोणत्या तोंडाने म्हणेल? दवाखान्यांच्या आडून होणाऱ्या अशा प्रचाराला गांधीजींनी 1931 मध्ये उघड विरोध केला होता. तो आजही योग्यच आहे, आणि तो मठाच्या वसतिगृहाला, मदरशाला, आश्रमशाळेला तितकाच लागू आहे.

प्रार्थनेने आजार बरे करू म्हणणाऱ्या, आज गावोगाव भरणाऱ्या चंगाईच्या सभांबाबत तर आम्हाला भीड वाटत नाही. प्रार्थनेने मनाला धीर येतो. पण मधुमेहाची गोळी सोडायला सांगितली, तर जीव जाऊ शकतो. साताऱ्याच्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी ज्या कायद्यासाठी आयुष्य वेचले, तो 2013चा जादूटोणाविरोधी कायदा चमत्काराच्या नावाने फसवणाऱ्या कोणालाही सोडत नाही, मग तो बुवा असो, बाबा असो की पास्टर. तो वापरा.

मात्र फसवणूक आणि छळ रोखणे वेगळे, माणसाच्या मनावर पहारा बसवणे वेगळे. काही राज्यांत धर्म बदलण्याआधी जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते. 7 नोव्हेंबर 1900 रोजी साताऱ्याच्या शाळेत ज्यांचे नाव दाखल झाले, त्या भीमराव आंबेडकरांनी 1935 साली येवल्यात धर्मांतराची घोषणा केली आणि 1956 साली नागपुरात दीक्षा घेतली. मधली 21 वर्षे त्यांनी अभ्यासात आणि विचारात घालवली. त्यांना आपल्याकडे ओढायला अनेक धर्मांचे लोक आले, त्यांचे त्यांनी ऐकून घेतले आणि निर्णय स्वतः केला. बाबासाहेबांना जिल्हाधिकारी कचेरीत अर्ज घेऊन उभे करणारा कायदा या राज्याला शोभला असता का?

जमावाच्या धाकाने ज्याला ‘हो’ म्हणता येत नाही, तोही छळलेल्या सुनेइतकाच बांधलेला आहे. म्हणून सुनेच्या छळाचा तपास कसून व्हावा आणि मारहाणीला बक्षीस लावणाऱ्यावरही गुन्हा दाखल व्हावा. सांगली-साताऱ्यातील चर्चनी रुग्णाच्या खाटेशी आणि परावलंबी माणसाच्या दारात प्रचार करणार नाही, असे स्वतःहून जाहीर करावे. हिंदू आणि मुस्लिम संस्थांनीही तेच करावे, आणि पडळकरांनी आपले शब्द मागे घ्यावेत.