मूक गुरूचा शोध

मूकाभिनयाची कला नटाच्या देहाबरोबरच नाहींशी होते. मग ती शिकविणाऱ्याचें चरित्र लिहावें कसें? फ्रेंच मूकनट मार्सेल मार्सो यांचें नांव जगास ठाऊक आहे. परंतु त्यांचे गुरु, पॅरिसचे एतिएन देक्रू (१८९८–१९९१), कितीकांस आठवतात? गुरूंच्या नशिबीं बहुधा हेंच! मुखापेक्षां धड अधिक बोलतें, असें मानून ते चेहरा झांकून अभिनय करवीत. १९४५ च्या एका फ्रेंच चित्रपटांत ते दिसतात खरे. पण त्यांचें अध्यापन तेथें कोठें? तें चाले बूलोन्य-बियांकूर येथील घराच्या तळघरांत. म्हणून संशोधकानें केवळ कात्रणांवर विसंबूं नये, असें आम्हांस वाटतें. शिष्यांस नुसत्या आठवणी न विचारतां, गुरूनें शिकविलेली एखादी हालचाल करून दाखविण्यास सांगावें. ते शिष्यही आतां वृद्ध झाले आहेत.